पत्ते वहीत डकवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील छंदांच्या पानावर खेळायच्या पत्त्यांच्या संग्रहाविषयी आलेले टिपण वाचले. तिकिटे आणि नाणी यांच्या गर्दीत या छंदाची कुणी दखल घेतली, हे चांगले झाले. पण त्यातल्या दोन सूचना कृपया कुणी अमलात आणू नयेत. एक, जुने पत्ते वहीत डिंकाने डकवावेत. दुसरी, दुर्मीळ वाटतील ते लॅमिनेट करून घ्यावेत. पत्त्याचे वय, कूळ आणि खरेखोटेपण ज्या खुणांवरून ओळखायचे, त्यांतल्या निम्म्याहून अधिक खुणा पाठीवर, कडांवर आणि कागदाच्या आत असतात. डकवलेल्या पत्त्याचे फक्त चित्र शिल्लक राहते, आणि चित्र तर कुठल्याही पुस्तकात मिळते.

पाठीचेच बघा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या बहुतेक पत्त्यांची पाठ कोरी असे. कागद महाग होता, त्यामुळे जुनी पाने भेटीची कार्डे, निमंत्रणे, पावत्या म्हणून सर्रास वापरली जात. इतिहासकार एडवर्ड गिबनने आपल्या ग्रंथालयाची यादी पत्त्यांच्या पाठीवर केली होती. १६८५ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच वसाहतीत सैनिकांचे पगार द्यायला नाणी उरली नाहीत, तेव्हा तिथल्या कारभाऱ्याने पत्त्यांवर रक्कम लिहून, सही करून तेच चलन म्हणून वापरात आणले. अशा पानांची खरी किंमत त्यांच्यावरच्या हस्ताक्षरात आहे. म्हणून पाठीवर पेन्सिलीने मांडलेला गुणांचा हिशेब दिसला तरी तो रबराने खोडू नये.

ज्यांनी आधीच डकवून ठेवले आहेत त्यांनी पत्ता ओढून काढायचा प्रयत्न करू नये. पत्ता एका कागदाचा नसतो. दोन कागद मध्ये गडद रंगाची खळ लावून चिकटवलेले असतात. उजेडासमोर धरल्यावर पलीकडचे दिसू नये म्हणून ती खळ काळसर ठेवतात. वहीचा डिंक पक्का आणि आतली खळ कच्ची असेल तर ओढताना पत्ताच मधून सोलला जातो, चित्र हातात आणि पाठ वहीत. पाण्यात भिजवले तरी तेच होते, वर रंग पसरतो तो वेगळा. वहीचे पान पत्त्याच्या कडेपासून अर्धा सेंटिमीटर सोडून कापा आणि पत्ता त्या तुकड्यासकट ठेवा. पान फारच मोलाचे असेल तर कागद संवर्धनाचे काम करणाऱ्या जाणकाराकडे न्या. लॅमिनेट केलेल्या पानाला मात्र उपाय नाही. उष्णतेने वितळलेले प्लॅस्टिक कागदाच्या तंतूंत उतरलेले असते, ते सोडवायला गेलात तर शाई बरोबर येते.

आता घरात पत्त्यांचा जुना कॅट सापडला तर काय करायचे? हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, टेबलावर स्वच्छ सुती कापड पसरा. आधी कॅट न विसकटता बाजूने बघा. एकाच छपाईतल्या पानांच्या कडा वापराने सारख्याच मळतात. त्या करड्या पट्ट्यात एखादी पांढरी रेघ दिसली तर ते पान मागाहून घातलेले आहे असे धरून चाला. मग पाने रंगवार लावा आणि मोजा. त्यानंतर सगळी पालथी करून पाठीची छटा ताडून पाहा. लाल पाठीत हा फरक लवकर कळतो, कारण दोन वेगळ्या छपायांचा लाल सहसा तंतोतंत जुळत नाही. पाठीच्या पांढऱ्या चौकटीची रुंदीही बघा. कापताना पत्ता जरासा सरकला की एक बाजू जाड, एक बारीक होते, आणि एकाच गठ्ठ्यात कापलेल्या पानांत हा दोष साधारण सारखा असतो. एकट्याच पानाची चौकट निराळी असेल तर ते उपरे.

बावन्न भरली नाहीत म्हणून कॅट अपुरा ठरवण्याची घाई नको. ही चूक फार होते आणि तिच्यापायी चांगले कॅट केराच्या टोपलीत जातात. बत्तीस पानांचे कॅट सत्तीपासून एक्क्यापर्यंतच असतात, छत्तीसचे छक्कीपासून. स्पॅनिश आणि इटालियन कॅट बहुधा चाळीस पानांचे. स्पॅनिश अठ्ठेचाळीसचेही असतात. टॅरोचा पूर्ण कॅट अठ्ठ्याहत्तरचा. सगळ्यात फसवा असतो तो पिनोकल या अमेरिकी खेळाचा: नव्वीपासून एक्क्यापर्यंत, प्रत्येक पान दोनदा, एकूण अठ्ठेचाळीस. दोन फुटके कॅट एकत्र झाले, असे समजून लोक त्याची वाटणी करून टाकतात. आणि खरोखरच अपुरा असला तरी बिघडले कुठे? इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातला, इजिप्तच्या मामलूक सुलतानांच्या काळातला हाताने रंगवलेला कॅट मुळात बावन्न पानांचा होता, आज त्यातली सत्तेचाळीस उरली आहेत. त्याच्यावाचून पत्त्यांचा इतिहास सांगताच येत नाही. पंधराव्या शतकातला हाताने रंगवलेला, बावन्नच्या बावन्न पाने शाबूत असलेला एक कॅट न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, पण असे भाग्य अपवादाचे.

कॅट कधीचा, हे ठरवताना एका खुणेवर विसंबू नये. तीन-चार खुणा एकाच दशकाकडे बोट दाखवतील तेव्हाच ते दशक लिहावे, आणि तेही ‘सुमारे’ म्हणून. ठोकळ क्रम असा आहे. पाठ कोरी, कोपरे काटकोनी, राजा-राणी-गुलाम पायापर्यंत उभे आणि कोपऱ्यात अंक नाहीत, अशी चारही लक्षणे असतील तर पान एकोणिसाव्या शतकाच्या मध्याआधीचे असू शकते. वरखाली दोन्हीकडून सुलट दिसणारी चित्रे इंग्लंडमध्ये रुळली ती साधारण १८६० च्या सुमारास. जोकर हा अमेरिकेत युकर या खेळासाठी १८६० च्या दशकात निघाला, त्यामुळे मूळचा जोकर असलेला कॅट त्याआधीचा असूच शकत नाही. कोपऱ्यात अंक आणि चिन्ह छापण्याची रीत १८७० च्या दशकात पक्की झाली. त्याच सुमारास अँड्र्यू डॉअर्टी या अमेरिकी उत्पादकाने कोपऱ्यात अंकाऐवजी अख्ख्या पत्त्याचे चिमुकले चित्र छापले होते. ‘ट्रिप्लिकेट’ म्हणतात ते हेच. ते सापडले तर सांभाळा. गोल कोपरेही याच काळात सर्रास झाले.

इंग्रजी कॅटमध्ये पहिली नजर इस्पिकच्या एक्क्यावर जावी. तिथे पत्त्यांवर कर होता, आणि तो भरल्याची खूण याच पानावर असे. १७६५ पासून इस्पिकचा एक्का सरकारचे मुद्रांक कार्यालयच छापू लागले. उत्पादकाने बाकीची पाने छापायची आणि एक्का सरकारकडून आणायचा. नकली एक्का छापणे हा देहदंडाचा गुन्हा होता, आणि रिचर्ड हार्डिंग नावाच्या माणसाला १८०५ मध्ये त्यासाठी फाशी झाली. १८२८ पासून वेलबुट्टीने गच्च भरलेला एक्का आला. त्यावर एक शिलिंग कराचा उल्लेख असतो आणि संग्राहक त्याला ‘ओल्ड फ्रिझल’ म्हणतात. १८६२ मध्ये कर तीन पेन्सांवर आला आणि उत्पादकांना आपापला एक्का छापण्याची मोकळीक मिळाली. कर गेला तो थेट ऑगस्ट १९६० मध्ये. इतर देशांतही असेच: फ्रान्सने कर १९४५ मध्ये काढला, इटलीने १९७२ मध्ये, पश्चिम जर्मनीत तो १९८१ च्या आरंभी संपला. त्यामुळे करशिक्का असलेल्या जर्मन कॅटला केवळ शिक्क्यावरून पुराणपुरुष समजू नका. तो रंगीत दूरचित्रवाणीच्या काळातलाही असू शकतो.

अमेरिकी कॅटवर कराचे तिकीट डबीच्या तोंडावर चिकटवलेले असे. ही पद्धत १८९४ पासून १९६५ पर्यंत चालली (त्याआधी यादवी युद्धाच्या काळातला एक कर होता, तो १८८३ मध्ये संपला). तिकीट रद्द करताना उत्पादक आपली आद्याक्षरे आणि पुष्कळदा तारीखही त्यावर छापत. तिकीट फाटलेले असले तरी भिंगाखाली वर्ष वाचता येते, म्हणून तुकडे खरवडून काढू नयेत. मात्र डब्या अदलाबदल होतात, हे ध्यानात असू द्या. तिकिटाने डबीचे वय कळते. आतल्या पत्त्यांचे कळतेच असे नाही. युनायटेड स्टेट्स प्लेइंग कार्ड कंपनीच्या बहुतेक जुन्या कॅटमध्ये इस्पिकच्या एक्क्यावर एक अक्षर आणि चार आकडे असतात. अक्षरावरून वर्ष काढण्याचे तक्ते आहेत, पण तीच अक्षरे साधारण वीस वर्षांनी पुन्हा फिरून येतात. एकाच अक्षराला चार-पाच वर्षे लागू पडतात आणि त्यांतले नेमके कोणते, हे डबी, तिकीट, जोकरचे चित्र यांवरून ठरवावे लागते. याच कंपनीचा बायसिकल हा छाप १८८५ चा. कारखाना २००९ मध्ये सिनसिनाटीहून केंटकीतल्या अर्लंगर येथे गेला, म्हणून डबीवर नुसते गावाचे नाव वाचूनही अलीकडच्या कॅटची वाटणी करता येते.

डबीवरच्या क्षुल्लक मजकुरातून जे निघते ते कधी कधी एक्क्यातूनही निघत नाही. कंपनीच्या ठिकाणाच्या पत्त्यात अमेरिकी झिप कोड असेल तर छपाई १९६३ नंतरची. भारतीय पिन कोड असेल तर ऑगस्ट १९७२ नंतरची. बारकोड दुकानांत वाचला जाऊ लागला तो १९७४ मध्ये, त्यामुळे उभ्या रेघा दिसल्या की त्याआधीच्या सगळ्या गोष्टी बाद. ‘वेस्टर्न जर्मनी’ असे छापले असेल तर १९४९ ते १९९०. संकेतस्थळाचा पत्ता असेल तर पुढे बोलायलाच नको. हे सगळे डबीवर असते आणि लोक सर्वांत आधी टाकतात ती डबीच. फाटकी, एका बाजूने उघडी पडलेली डबीसुद्धा चपटी करून कॅटबरोबर ठेवली पाहिजे. कोरे जादा पान, नियमांची घडी, जाहिरातीचा कागद, आतले मेणकागदाचे वेष्टन हेही टाकू नये.

वय कळले म्हणजे अस्सलपणा कळला असे नाही. जुन्या कॅटच्या हुबेहूब नव्या आवृत्त्या निघतात. काटकोनी कोपरे, अंकांविना पाने, सगळे यथास्थित. त्या उघडपणे नव्या म्हणूनच विकल्या जातात, तक्रार तिथे नाही. पण पाच हात बदलले की त्या ‘आजोबांच्या काळातल्या’ होतात. तपासायला दोन साधने पुरतात. पहिले, दहापट भिंग. राणीच्या गालावर किंवा राजाच्या बाहीवर ते टेकवा आणि रंग कसा बसला आहे ते बघा. निळे, किरमिजी, पिवळे आणि काळे बारीक ठिपके ठरावीक अंतराने, फुलासारख्या गोल घेऱ्यात दिसले तर ती आधुनिक ऑफसेट छपाई. जुन्या शिळाछापात ठिपके असतात, पण वेडेवाकडे, हाताने टिपलेले, लहानमोठे. साच्यातून कुंचल्याने भरलेल्या रंगात केसांच्या रेघा दिसतात आणि रंग बाह्यरेषेबाहेर सांडलेला असतो. उलट बाजूही ध्यानात ठेवा: ठिपक्यांचे घेर दिसले तर पान नवे हे नक्की, पण दिसले नाहीत म्हणून जुने ठरत नाही. साधी पाने आजही सपाट, सुट्या रंगांत छापतात.

दुसरे साधन म्हणजे अतिनील किरणांची छोटी बॅटरी. १९५० च्या आसपासपासून कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चकाकी आणणारी रसायने घालू लागले. अंधाऱ्या खोलीत या बॅटरीखाली असा कागद निळसर पांढरा उजळतो, जुना कागद मंद, पिवळट किंवा मळकट राहतो. १९०० सालचा म्हणून दाखवलेला कॅट ट्यूबलाइटसारखा पेटला तर व्यवहार तिथेच थांबवावा. यात एक खोट आहे. धुण्याच्या पावडरीतही हीच रसायने असतात, त्यामुळे ताज्या धुतलेल्या कापडाची धूळ पानावर असेल तर ती ठिपक्याठिपक्यांनी चमकते. सबंध पान सारखे उजळते का, हे बघायचे.

नवलाईच्या कॅटमध्ये नकला अधिक. २००३ मध्ये इराक युद्धाच्या वेळी अमेरिकी सैन्याने फरारी नेत्यांची छायाचित्रे असलेला कॅट काढला. त्याच्या प्रतिकृती काही आठवड्यांत जगभर विकायला आल्या. आज हाती येतो तो जवळजवळ नेहमी प्रतिकृतीच असतो. गंमत म्हणून ठेवावा. मोठी किंमत मोजून घेऊ नये.

आता जतन. यावर आपल्या टिपणात दोनच ओळी होत्या, आणि नेमके इथेच नुकसान जास्त होते. पहिला शत्रू रबरबँड. तो वाळताना कडेत खाच पाडतो, पुढे चिकट होऊन वरच्या-खालच्या पानांवर तपकिरी डाग ठेवतो आणि तुटला तरी त्याचे तुकडे कागदाला घट्ट धरून बसतात. कॅट बांधायचाच असेल तर आम्लरहित कागदाची दोन बोटे रुंद पट्टी सैलसर गुंडाळा आणि पट्टीचे टोक पट्टीलाच चिकटवा, पानाला नव्हे. चिकटपट्टीचे तर नावच नको. फाटलेल्या डबीला लावलेली पारदर्शक पट्टी काही वर्षांनी गळून पडते, पण तिचा पिवळा गोंद कागदात मुरून राहतो.

सुटी पाने लावायला नऊ कप्प्यांची पारदर्शक पाने मिळतात. पोकर मापाचा पत्ता सुमारे ६३ गुणिले ८८ मिलिमीटर, ब्रिज मापाचा ५७ गुणिले ८९. दोन्ही त्यात बसतात, फक्त ब्रिजचा पत्ता आडवा हलतो. प्लॅस्टिक कोणते, हे विचारून घ्या. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन किंवा पॉलिएस्टर चालते. पीव्हीसी नको. ते मऊ राहावे म्हणून त्यात घातलेले द्रव्य हळूहळू बाहेर येते, पानाला चिकटते आणि शाई उचलते. नवे पाकीट उघडताच उग्र, रेनकोटसारखा वास आला तर ते परत करा. एका कप्प्यात पाठीला पाठ लावून दोन पाने कोंबू नका. एकेक ठेवा म्हणजे दोन्ही बाजू दिसतात.

पूर्ण कॅट आपल्याच डबीत, उभा नव्हे तर आडवा ठेवावा. उभ्या ठेवलेल्या अर्धवट भरल्या डबीत पाने घसरून कमानीसारखी वाकतात. आर्द्रता ४५ ते ५० टक्के असावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती सारखी वरखाली होऊ नये. कागदाची एक बाजू ओलावा जास्त घेते, दुसरी कमी, आणि पान ज्या बाजूला कमी त्या बाजूला वळते. बंद डब्यात छोटा आर्द्रतामापक आणि सिलिका जेलची पुडी ठेवा, पण पुड्यांचा मारा करू नका. आर्द्रता ३५ च्या खाली गेली की पाने कडक होतात आणि कोपरे तडकतात. खिडकीजवळ किंवा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात डबा ठेवू नये. उजेडाने सगळ्यात आधी लाल उडतो, म्हणून चौकटीत लावून टांगलेल्या पानांत बदाम फिके आणि इस्पिक काळेभोर असे विचित्र दृश्य दिसते. टांगायचेच असेल तर रंगीत छायाप्रत टांगा.

वाकलेला कॅट सरळ करायला इस्त्री, केस सुकवण्याचे यंत्र, ऊन यांतले काही नको. दोन गुळगुळीत फळ्यांमध्ये कॅट ठेवा, वर किलो-दोन किलो वजन, आणि दोन आठवडे विसरून जा. वजन जास्त झाले तर पानाच्या पृष्ठावरची बारीक खळगी दबतात. या खळग्यांत हवा राहते म्हणून पत्ते पिसताना सुळसुळतात, आणि संग्राहक त्या पोतावरूनही छपाई ओळखतो. नव्या कॅटची बावन्न पाने एकावर एक साधारण १५ ते १६ मिलिमीटर भरतात. वापरलेली पाने फुगतात, तेव्हा डबीत जात नाहीत म्हणून कोंबू नका. डबी वेगळी ठेवा.

पारदर्शक वेष्टनात सीलबंद असलेला कॅट उघडावा की नाही, यावर संग्राहकांत भांडणे होतात. माझे मत असे: वेष्टन सैल असेल तर हात लावू नये. पण जुने सेलोफेन वर्षांनुवर्षे आकसत जाते आणि डबीला कडेने आवळते; डबीचे कोपरे आत दबलेले दिसले तर आतली पाने वाकायला लागली आहेत असे समजा. तेव्हा चारही बाजूंनी छायाचित्रे काढून, तिकीट न फाडता, वेष्टन मागच्या शिवणीवर चिरून मोकळे करावे. सील राखण्यासाठी बावन्न पाने बळी देण्यात अर्थ नाही.

किडीत मुख्य शत्रू कसर. तिला खळीतले पिठूळ आवडते, त्यामुळे ती कडेकडेने कुरतडते आणि पृष्ठभाग खरवडते. डांबरगोळ्या टाळा, त्यांची वाफ प्लॅस्टिकच्या पानांना आणि पाकिटांना बाधते. कागदी कॅटला कीड दिसली तर दोन घट्ट बंद होणाऱ्या पिशव्यांत हवा काढून भरा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर थंड पानांवर पाणी धरते. धूळ मऊ कुंचल्याने मधून कडेकडे झटकावी. पूर्ण प्लॅस्टिकचे पत्ते कोमट पाणी आणि सौम्य साबणाच्या थेंबाने पुसता येतात, मात्र एकेक करून, आणि लगेच कोरडे करून. प्लॅस्टिकचा लेप दिलेले कागदी पत्ते ही वेगळी चीज आहे. त्यांची कड उघडी असते, पाणी तिथून आत शिरते. जुन्या अ‍ॅसिटेट पत्त्यांना व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला तर ते ताबडतोब बाकीच्यांपासून दूर, हवेशीर ठेवावेत. तो वास प्लॅस्टिक विघटित होत असल्याचा आहे.

गंजिफांना, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या गोल पत्त्यांना, यातले बरेच नियम लागू नाहीत. मोगल गंजिफा आठ रंगांची, ९६ पानांची. दशावतारी दहा रंगांची, १२० पानांची. प्रत्येक रंगात एक ते दहा आणि वर राजा व वजीर. गोल, हाताने रंगवलेल्या आणि लाखेचा लेप दिलेल्या पानांना फ्रीझर वर्ज्य, कारण थंडीने लेप आणि रंग तडकतात. लाख मद्यार्कात विरघळते, म्हणून जंतुनाशक द्रव लावलेल्या हातांनी अशा पानाला स्पर्श करू नये. ठसा उमटतो तो कायमचा. पाने एकमेकांना चिकटली असतील तर नखाने सुटी करू नका. त्यांची रंगीत लाकडी पेटी हाही संग्रहाचाच भाग आहे, ती पुन्हा रंगवू नये.

काय गोळा करावे हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे: विमान कंपन्यांचे कॅट, जाहिरातींचे, प्रेक्षणीय स्थळांचे, किंवा चिन्हे चित्रात दडवलेले, ज्यांचे पहिले छापील कॅट जर्मनीत १८०५ च्या सुमारास कोटा या प्रकाशकाने काढले. काही जण फक्त जोकर जमवतात, काही फक्त पाठी. इथे मात्र मी भांडायला तयार आहे. एका जोकरसाठी पूर्ण कॅट फोडणे हा निव्वळ आडमुठेपणा आहे. जोकर हवा तर ज्यांचे कॅट आधीच फुटले आहेत त्यांच्याकडून घ्यावा, तेवढा पुरवठा भरपूर आहे.

प्रत्येक कॅटची नोंद करताना देश, उत्पादक, कालावधी, माप मिलिमीटरमध्ये, मूळ पाने किती, आज किती, कोणती नाहीत, जोकर व जादा पाने, डबी आणि तिकीट हे लिहा. क्रमांक पत्त्यावर नव्हे, डबीतल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने घाला. इस्पिकचा एक्का, जोकर, एका रंगाची तीन चित्रपाने आणि पाठ एवढी सहा पाने ६०० डीपीआयला स्कॅन केली तर जगातल्या कुठल्याही जाणकाराला दुरून ओळख पटवता येते. बेल्जियममधले टर्नहाउट, स्पेनमधले विटोरिया, फ्रान्समधले इसी-ले-मुलिनो इथे पत्त्यांना वाहिलेली संग्रहालये आहेत. विचारणा करताना ही सहा चित्रे आणि मापे सोबत जोडावीत. नुसते ‘माझ्याकडे जुना कॅट आहे, किंमत किती’ असे विचारले तर उत्तर येत नाही, आणि न येणे रास्तच आहे. जुनेपण आणि दुर्मीळपण यांचा संबंध फार सैल आहे. शंभर वर्षांपूर्वीचे लाखोंनी छापलेले कॅट आजही ढिगाने मिळतात.

शेवटी, हरवलेले पान दुसऱ्या कॅटमधून भरून काढण्याविषयी. त्यात गैर काही नाही. पण पाठीची छटा, पानाची जाडी आणि छपाईचा काळ ही तिन्ही जुळली पाहिजेत. काळ ताडायला एक्क्यावरचा क्रमांक उपयोगी पडतो. तिन्ही जुळले तरी आणि दोनच जुळले तरी, डबीत एक चिठ्ठी हवी: ‘चौकटची सत्ती मूळची नाही.’

आपला,
एक पत्तेसंग्राहक